मागची डावी स्प्रिंग

१

दयाराम मेश्रामांना चाकाची कोणतीही वस्तू दिसली की आधी ती ठोकून बघायची खोड होती. खोड कसली, रोगच म्हणा ना. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. हातात लांब दांड्याची हातोडी, खिशात खडू. चाक ठोकायचं आणि कान द्यायचा. स्वच्छ वाजलं तर डब्यावर खडूनं ‘फिट’, भद्द वाजलं तर ‘सिक’. निवृत्त झाल्यावर साहेबांनी शाल-नारळ दिलं, पण दयाराम घरी घेऊन आले ती हातोडी. मग भाजीवाल्याच्या ठेल्यापासून शेजारच्या पोट्टीच्या तीनचाकी सायकलपर्यंत काही सुटलं नाही. सत्यभामाबाई त्यांना टकटकसाहेब म्हणायच्या.

वॅगनच्या अंगावर तिचा इतिहास रंगवलेला असतो. मागची मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी करायची, सगळं चार बोटं उंचीच्या अक्षरात. ज्या गाडीचा इतिहास लिहिलेला नाही तिच्यात माणसानं पाय ठेवू नये, हे दयारामांचं ठाम मत. माणसांबद्दलही त्यांचं तसंच होतं. दर रविवारी विहारात पोरांना तेच सांगायचे, आधी तपासा, मग माना. अंगारे-धुपारे, भूतखेत म्हणणाऱ्याला तर ते असा फैलावर घेत की समोरचा चप्पल शोधायला लागे.

दोन वर्षांपूर्वी सत्यभामाबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मागच्या त्यांच्या घरापासून समता कॉलनीतलं सेंटर तसं लांब नाही, ऑटोनं वीस मिनिटं. पण ती वीस मिनिटं कोणी मोजावी? हाडं ठिसूळ झालेली, कंबर गेलेली. प्रत्येक खड्ड्याला बाई पदराचं टोक दातात धरायच्या आणि दयाराम ऑटोवाल्यावर ओरडायचे. येताना तर बाईंच्यात बसायचंही त्राण नसायचं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी दयारामांना एकट्याला बाहेर बोलावलं. हृदयही थकलंय म्हणाले. महिने मोजा, वर्षं नको; फार तर सहा. दयारामांनी ते घरी सांगितलं नाही. पुण्याच्या साक्षीला, म्हणजे लेकीलाही नाही. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं की जितके दिवस आहेत तितके दिवस तिला धक्का बसू द्यायचा नाही. एक गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण इतिहास पूर्ण पाहिजे.

२

गाडी सापडली शंकर नगरात. पांढरी, बारा वर्षांची, झाकून ठेवलेली. विकणारी मंजिरी डबीर, चाळिशीची, सरकारी कचेरीत कामाला, घरात एकटी. तिचे वडील श्यामराव मार्चमध्येच गेले होते. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता आणि फोटोतला माणूस इतका निवांत दिसत होता की दयारामांना उगीच बरं वाटलं.

रंग ठीक, दारं ठीक, इंजिन एका किल्लीत चालू. दयारामांनी पिशवीतून हातोडी काढली तेव्हा मंजिरी हसली नाही. बाकी लोक हसतात. ते चाकाशी बसले आणि रिमच्या कडेवर हलकेच ठोकलं. पहिलं चाक टायरवाल्या चाकासारखंच बोदं वाजलं. दुसरं, तिसरं, तसंच.

चौथं, मागचं डावं, वाजलं आणि वाजतच राहिलं.

कारखान्यातून नवी कोरी वॅगन बाहेर पडते, जिच्यावर अजून एक पोतंही चढलेलं नसतं, तिचं चाक असं वाजतं. पुढं आयुष्यभर पुन्हा तसं वाजत नाही. एकदा माल चढला की तो सूर गेला. बारा वर्षं वापरलेल्या गाडीच्या चाकात तो कुठून आला? दयारामांनी पुन्हा ठोकलं. तोच सूर. रिम बदललेली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं आणि गुडघे धरून उठले.

मंजिरीनं किमतीची गोष्ट काढलीच नाही. तिनं विचारलं, “मागं कोण बसणार, काका?”

“मिसेस.”

“डाव्या बाजूला?”

“हो. काहून?”

“त्यांची तब्येत बरी नसते का?”

आता हा काय प्रश्न झाला? गाडी विकून राहिली की सोयरीक जमवून राहिली? पण तिच्या आवाजात भोचकपणा नव्हता. दयारामांनी सांगून टाकलं, डायलिसिसचं. मंजिरीनं मान हलवली. म्हणाली, आधी दोघं-तिघं येऊन गेले, सगळे जवान, धडधाकट. त्यांना नाही म्हटलं. मग किल्ली पुढं केली. दोन दिवस ठेवा, काकूंना बसवून पाहा. अनोळखी माणसाला कोणी अशी गाडी देतं का, हा विचार दयारामांना शंकर नगरच्या चौकात आल्यावर सुचला.

३

गाडीची दुरुस्ती पहिल्यापासून एकाच वर्कशॉपमध्ये झालेली, तेलीबांध्याच्या पलीकडं. काउंटरवर चेतना नावाची मुलगी होती. दयाराम मराठीत बोलले, तिला सगळं कळलं, उत्तरं हिंदीत दिली. हिंदी मुलखात वाढलेल्या इथल्या नव्या पोरांचं असंच. तिनं गाडीचा नंबर टाकला आणि तीन पानं छापून दिली.

दयाराम तिथल्या सोफ्यावर चष्मा लावून बसले. असा कागद म्हणजे त्यांना मेजवानी. तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, क्लच एकदा, बॅटरी तीनदा. टक्कर नाही, पूर आलेला नाही, मीटरचे आकडे सरळ चढत गेलेले. तीन मालक. इतका स्वच्छ इतिहास त्यांनी वॅगनचाही पाहिला नव्हता.

फक्त एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती. मागची डावी स्प्रिंग तुटली, बदलली. तीन वेळा. आणि पहिल्या दोन्ही वेळेनंतर महिना-दोन महिन्यांत मालकाचं नाव बदललेलं. तिसरी नोंद सोळा मार्चची, मंजिरीच्या नावावर.

ते काउंटरवर गेले. स्प्रिंग तर जोडीनं बदलतात ना? एक नवी, एक जुनी ठेवली तर गाडी तिरकी बसते. चेतना म्हणाली, हव अंकल, जोडीनंच बदलतो, पण या गाडीची उजवी स्प्रिंग कंपनीतून आलेलीच आहे, तिला काहीच झालेलं नाही, मेकॅनिकनं तपासून लिहिलंय. मग तक्रारीच्या रकान्यावर तिनं पेन ठेवला. तिन्ही नोंदींत ग्राहकाची तक्रार एकच होती.

गाडी उभी असताना तुटली.

“खड़ी गाड़ी में?” चेतना स्वतःशीच म्हणाली. तिनं ती पानं बहुधा पहिल्यांदाच वाचली होती.

स्प्रिंग तुटते ती भारानं. एक कोपरा सारखा तुटतो म्हणजे त्या कोपऱ्यावर जास्तीचा भार आहे, हे रेल्वेतला नवशिकाही सांगेल. पण मग ते चाक कोऱ्या वॅगनसारखं का वाजावं? जिथं भार आलाच नाही तिथं भारानं लोखंड तुटतं कसं? दयारामांना दोन्ही गोष्टी एका डोक्यात बसवता येईनात. वाईट लॉटमधल्या स्प्रिंगा असतील, ते म्हणाले. चेतनाही हो म्हणाली, पण तिनं ती पानं टाचून देताना दोनदा टाचली.

४

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. सत्यभामाबाई मागं डावीकडं बसल्या आणि दयारामांनी गाडी काढली ती अंड्यांची टोपली नेत असल्यासारखी. रेल्वे फाटकाजवळचा तो नामी खड्डा आला. दयारामांची पाठ आपोआप ताठ झाली. पुढची चाकं आदळली, त्यांच्या दाढा वाजल्या. मागून ‘आई गं’ आलं नाही. त्यांनी आरशात पाहिलं.

बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर दातात नाही. दोन वर्षांत दयारामांनी त्यांना रस्त्यात झोपलेलं पाहिलं नव्हतं.

समता कॉलनीत उतरताना बाई म्हणाल्या, “आलं पण? मले तं वाटलं आत्ता निघालो.” आणि स्वतःच्या पायानं आत गेल्या. दयाराम त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, उगीच कशाला लपवा. मग ते सीटवरची पिशवी उचलायला वाकले.

शेजारच्या देवांगणबाईंनी त्यांच्यासाठी घरची बिजौरी, सांडग्यासारखी वडी, दिली होती. उडदाच्या डाळीची, तिळाची, उन्हात वाळवलेली, बोट लावलं तर मोडते अशी. पिशवी दयारामांनी मागच्या सीटवर ठेवली होती आणि सत्यभामाबाई न बघता तिच्यावरच बसल्या होत्या. वीस मिनिटं, खड्ड्यांतून. आता भुगाच, म्हणून त्यांनी पिशवी उघडली.

एकही बिजौरी मोडलेली नव्हती. तिळाचा एक दाणा गळला नव्हता.

ते गाडीच्या दारात पिशवी धरून किती वेळ उभे होते कोण जाणे. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

५

माणसाला शंका आली की तो देवळात जातो नाहीतर डॉक्टरकडं. दयाराम धर्मकाट्यावर गेले.

दुपारी बाईंना घेऊन परत येताना त्यांनी गाडी भनपुरीच्या रस्त्याला वळवली. तिथं लोखंडाचे, तांदळाचे ट्रक तोलतात. बाई चांगल्या होत्या, गप्पा मारत होत्या, हे कुठं चाललात टकटकसाहेब म्हणून विचारत होत्या. दयाराम म्हणाले, एक छोटं काम आहे. गाडी हळूच लोखंडी पाट्यावर चढवली. समोर खांबावर लाल आकड्यांचा फलक होता, ट्रकवाल्यांना बसल्या जागेवरून दिसावा म्हणून लावलेला.

नऊशे चाळीस.

गाडीच्या कागदावर रिकामं वजन आठशे ऐंशी. दयाराम स्वतः साठाच्या थोडे वर. काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. हिशेब अगदी बरोबर बसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन श्वास तसाच राहिला. तिसऱ्या श्वासाला त्यांच्या लक्षात आलं की सत्यभामा मागं बसलेली आहे. आजच सकाळी सेंटरमध्ये तिचं वजन लिहून घेतलं होतं, अठ्ठेचाळीस.

काटेवाला भला माणूस होता, काटा चुकतोय म्हटल्यावर आधी चिडला, काँटा एकदम सही है बाबूजी म्हणाला. मग खरं करून दाखवायला स्वतः मागच्या उजव्या सीटवर येऊन बसला. एक हजार दहा. उतरला. नऊशे चाळीस. दयारामांनी बाईंना जरा उतरायला सांगितलं. त्या हळूहळू उतरल्या, गाडीला धरून पाट्यावरच उभ्या राहिल्या. नऊशे नव्वद.

“आता बस,” दयाराम म्हणाले. नजर त्यांनी फलकावरच ठेवली.

बाईंनी एक पाय आत ठेवला. नऊशे ऐंशी. हात दाराला, दुसरा पाय आत. नऊशे सत्तर, साठ. त्या मागं टेकल्या, तसा फलकावरचा आकडा पन्नासवर आला, तिथं क्षणभर थांबला आणि चाळीसवर येऊन स्थिर झाला. कोणीतरी खाली वाकून, घाई न करता, एका आजारी बाईला उचलून घ्यावं, इतक्या सावकाश ते झालं.

दयारामांनी आरशात पाहिलं. सत्यभामाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांचं डोकं सीटच्या पाठीला लागलेलं नव्हतं. चार बोटं अलीकडं, हवेत, ते कशावर तरी विसावलं होतं.

काटेवाला फलकाकडं बघत होता. त्यानं टोपी काढली. भीतीनं नव्हे, तसं वाटलं नाही. मग तो म्हणाला, “गाड़ी उतार लीजिए बाबूजी,” आणि पावतीही दिली नाही, पैसेही घेतले नाहीत.

६

घरी बाई झोपल्या. तीन वाजले होते. बाहेर एप्रिलचं ऊन रटरटत होतं, घरोघरचे कूलर घुरघुरत होते, यार्डात शंटिंग चालू होतं. गाडी गुलमोहराखाली उभी होती. दयाराम तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. काट्यात काही बिघाड असेल. उजवीकडं नसतो आणि डावीकडं असतो, असा कुठला बिघाड? बिजौरी कडक वाळलेली असेल. कडक वस्तू तर आधी मोडते. प्रत्येक कारण त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं आणि प्रत्येक भद्द वाजलं.

आधी तपासा, मग माना. ते मागचं डावं दार उघडून बसले.

पहिल्यांदा गुडघे गेले. म्हणजे दुखणं गेलं. मग हात. मग खांदे, ज्यांवर इतकी वर्षं हातोडी होती. शंटिंगचा आवाज दूर गेला, कूलर बंद झाल्यासारखे झाले. खाली सीट होती, त्यांना दिसत होती, पण ते तिच्यावर नव्हते. ते कशावर तरी होते जे श्वास घेत नव्हतं, हलत नव्हतं, आणि तरी त्यांना धरून होतं. आणि ते मोठं होतं. गाडीहून कितीतरी मोठं. यार्डात चाकाशी वाकून बसलेल्या माणसाला समोर एक चाकच दिसतं, वर उभी असलेली अख्खी गाडी दिसत नाही, पण ती आहे हे त्याच्या पाठीला कळत असतं. दयारामांच्या पाठीला तसं कळलं. मान वर करून बघायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांना रडू आलं. दुःखाचं नव्हतं. ते चार-पाच वर्षांचे असताना बाप त्यांना खांद्यावर टाकून कुठून तरी घरी आणायचा आणि ते झोपेचं सोंग घ्यायचे. ते सोंग आत्ता आपोआप आलं. डोळे मिटले की इथून कधी उठायचंच नाही, असं वाटलं.

त्या वाटण्यानंच ते दचकले. दार ढकलून बाहेर आले तर सगळं वजन दारातच अंगावर पडलं, गुडघे वाकले, ते गुलमोहराला धरून उभे राहिले. आजवर आपण एवढं ओझं घेऊन फिरत होतो?

भार कुठं नाहीसा होत नाही. चौतीस वर्षांत एवढं तर ते शिकलेच होते. एका जागचा भार उतरला म्हणजे तो दुसऱ्या कोणीतरी घेतला.

७

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन शंकर नगरात गेले. किल्ली मंजिरीच्या टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं, स्प्रिंगच्या दुरुस्तीची तारीख सोळा मार्च आहे. श्यामराव कधी गेले?

“चौदाला. दुपारी चारला.” तिला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. बहुधा ती त्याचीच वाट बघत होती.

मग तिनं सांगितलं. डॉक्टरांनी बाबांना दोन महिने दिले होते. गाडी घेतल्यावर ते अकरा महिने राहिले. रोज संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावापर्यंत जाऊन यायचं, तेवढ्यावर ते जगले. हाडांचा कॅन्सर होता, घरात विव्हळायचे, गाडीत गाणी म्हणायचे. चौदा मार्चला गाडी खाली उभी होती, बाबा वर पलंगावर. मोठा आवाज झाला, सिलेंडर फुटावा तसा. ती धावत खाली गेली. गाडी मागून डावीकडं बसलेली. वर आली तर बाबा गेलेले.

“म्हणजे आधी आवाज झाला?” दयारामांनी विचारलं.

“आधी आवाज झाला.”

“आणि याच्या आधीचे दोन मालक?”

“एकाची बायको, एकाची आई. मला गाडी देताना त्यांनी सगळं सांगितलं होतं, काका. मी तरी घेतली. मी पण तुम्हाला सांगणारच होते, पण आधी काकूंनी बसून पाहावं असं वाटलं. न बसता हे ऐकलं तर कोणी घेणार नाही. आणि बसल्यावर...”

दयारामांच्या डोक्यात एकच प्रश्न घण घालत होता आणि तो त्यांनी विचारला. स्प्रिंग तुटते म्हणून माणूस जातं, की माणूस जायचं असतं म्हणून स्प्रिंग तुटते? मंजिरी फोटोकडं बघत राहिली. म्हणाली, मला माहीत नाही. धरलेलं कधीतरी खाली ठेवावंच लागत असेल. एवढं सांगते, बाबांना शेवटी काही जड गेलं नाही.

दयाराम किल्ली न घेता उठले. ज्याची पुढची तारीख माहीत आहे, अशा गाडीत ते बायकोला बसवणार नव्हते.

८

त्यानंतरच्या पाळीला पुन्हा ऑटो आला. फाटकाजवळचा खड्डा आला. सत्यभामाबाईंनी पदर दातात धरला आणि त्यांच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून ऑटोवाल्यानंच गाडी थांबवली. सेंटरमध्ये त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

संध्याकाळी घरी बाईंनी विचारलं, ती गाडी कुठं गेली? दयारामांनी टाळाटाळ केली. कागद बरोबर नव्हते म्हणाले. बाईंनी नुसतं बघितलं. छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढं खोटं किती टिकणार? मग त्यांनी सगळं सांगितलं. स्प्रिंगा, काटा, आवाज आधी झाला ते. डॉक्टरांनी बाहेर बोलावून काय सांगितलं तेही.

बाईंनी पदर नीट केला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली घड्याळ टिकटिकत होतं.

“डॉक्टरचं मले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तुमी त्या दिवशी बाहेरून आले आन् खोलीत येता येता पलंगाचे चाकं ठोकले. दोनदा. तेव्हाच समजलं.”

दयारामांनी मान खाली घातली.

“मी किती दिवस हे नाही विचारून राहिली. त्या गाडीत वीस मिनिट मले काही दुखत नाही. कोणीतरी मांडीवर घेते. कोण घेते, मले विचारायचं नाही. तुमी इतके वर्षं चाकं ठोकले, त्याच्यावरचं कोण उचलून राहिलं हे कधी विचारलं होतं का? मंग आता काहून?”

“अन् ती स्प्रिंग तुटली तं?”

“तुटन तेव्हा तुटन. ते तुमचं काम आहे. तुमी बदला.”

त्या हसल्या. दयारामांना हसता आलं नाही. सकाळी उठून ते शंकर नगरात गेले आणि गाडी घेऊन आले.

९

डॉक्टरांनी सांगितलेले महिने गणपतीतच संपले. दिवाळी गेली. सेंटरमधल्या सिस्टर म्हणतात, काकी तुम्ही चमत्कारच आहात. बाई म्हणतात, मी नाही, आमची गाडी. सगळे हसतात.

दयाराम रोज संध्याकाळी गाडी गुलमोहराखाली लावून मागचं डावं चाक ठोकतात. उन्हाळ्यात सूर स्वच्छ होता. पावसाळाभर तसाच राहिला. गेल्या पंधरा दिवसांत तो केसभर उतरला आहे. दुसऱ्या कोणाला ते कळणार नाही. ठोकून झालं की ते मागच्या डाव्या दाराशी थोडा वेळ उभे राहतात. हात मुठीवर जातो. दार उघडत नाहीत, वळून घरात येतात. हे ते रोज करतात आणि दिवसेंदिवस हात मुठीवर जास्त वेळ राहू लागलाय.

परवा ते स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. गाडीचं नाव, वर्ष सांगितलं, मागची स्प्रिंग मागितली. दुकानदारानं विचारलं, जोडी ना?

“दोन द्या,” दयाराम म्हणाले. “पण दोन्ही डावीकडंच लागतील.”

“दोनों एक साथ लेफ्ट में कैसे लगेंगे, अंकल?”

“एकदम नाही. एक आधी लागन. दुसरी त्याच्यानंतर.”

घरी येऊन त्यांनी पलंगाजवळ फरशीवर बसून दोन्ही स्प्रिंगा ठोकल्या. दोन्ही छान वाजल्या. खिशातून खडू काढून दोन्हींवर ‘फिट’ लिहिलं आणि पलंगाखाली सरकवून ठेवलं. मान वर केली तर सत्यभामाबाई कुशीवर वळून त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनी दोन्ही मोजल्या होत्या, एक स्वतःची, दुसरी नवऱ्याची. टकटकसाहेब म्हणाल्या नाहीत. त्यांचा खडू लागलेला हात ओढून बाईंनी आपल्या हातात घेतला.

“साक्षीले काही सांगू नका,” त्या म्हणाल्या.